वाजवी म्हणजे किती?

'वाजवी' हा शब्द आपल्याकडे अरबी 'वाजिब'वरून आला, आणि मुळात त्याचा संबंध पैशाशी नसून कर्तव्याशी आहे. जे करणे एखाद्यावर बंधनकारक आहे, ते वाजिब. बाजारात रुळता रुळता तो किमतीचे विशेषण झाला आणि 'फार महाग नाही असा' एवढाच अर्थ त्याला उरला. जुन्या गृहसंगणकांचा संग्रह करताना मात्र या शब्दाचा मूळ अर्थ आम्हांला वारंवार आठवत राहिला आहे. कारण या व्यवहारात विकणाऱ्याला वस्तूविषयी बहुधा फारसे ठाऊक नसते, घेणाऱ्याला पुष्कळ ठाऊक असते, आणि किंमत ठरवण्याची वेळ आली की विकणारा म्हणतो, "तुम्हीच सांगा."

साहित्याच्या अभ्यासकांना हा पेच अगदीच परका वाटू नये. साठोत्तरी अनियतकालिकाचा एखादा दुर्मिळ अंक रद्दीच्या ढिगात सापडावा, दुकानदाराने तो किलोच्या भावाने तोलून द्यावा आणि आपण तो मुकाट्याने पिशवीत टाकून बाहेर पडावे, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांचा असेल. त्या आनंदात एक बारीकशी बोच असते. रद्दीवाला निदान व्यापारी असतो. तोटा-नफा त्याच्या धंद्यातच धरलेला आहे. जुना संगणक विकणारे मात्र बहुतेक वेळा एखादे कुटुंब असते, आणि ती वस्तू माळ्यावरून खाली काढताना त्यांनी तिच्यावरची धूळही पुसलेली असते.

गृहसंगणक म्हणजे नेमके काय, हे आधी सांगितले पाहिजे. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९०च्या आसपासपर्यंत घरात वापरण्यासाठी जी स्वस्त यंत्रे निघाली, ती ही. यांतल्या बहुतेकांना स्वतःचा पडदा नसे. ती घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडावी लागत. आज्ञावली साध्या टेपरेकॉर्डरवरून, कॅसेटमधून आत घ्यावी लागे. बटण दाबले की यंत्र तात्काळ जागे होई आणि बेसिक भाषेतल्या आज्ञेची वाट पाहत बसे. एप्रिल १९८२मध्ये ब्रिटनमध्ये आलेला सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा या वर्गाचा नमुनेदार प्रतिनिधी. सोळा किलोबाइट स्मृतीचा १२५ पौंडांना आणि अठ्ठेचाळीस किलोबाइटचा १७५ पौंडांना. त्या वर्षीच्या विनिमय दराने दुसऱ्याचे तीन हजार रुपयांच्या आसपास होतात, आणि त्यावर आपल्याकडची आयात जकात वेगळी.

मराठवाड्यात अशी यंत्रे आलीच कुठून, असे आम्हांला नेहमी विचारले जाते. आमच्या पाहण्यात तीन वाटा आल्या. पहिली पुण्याची. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने सिंक्लेअरचे यंत्र परवान्यानिशी भारतात विकले. दुसरी वाट शाळांची. १९८४-८५मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' हा संगणक-साक्षरतेचा प्रकल्प सुमारे अडीचशे शाळांपासून सुरू केला, आणि त्यासाठी निवडलेले यंत्र होते बीबीसी मायक्रो. मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने ते पुढे 'युनिकॉर्न' या नावाने देशात बनवले. तिसरी वाट आखाताची. तिच्याकडे पुढे येऊ.

आता भावाकडे. आमच्या शहरात, म्हणजे छत्रपती संभाजीनगरात, २०२३पूर्वीच्या औरंगाबादेत, जुन्या संगणकाचा भाव तीन निरनिराळ्या तराजूंवर तोलला जातो, आणि तिन्ही तराजूंचे एकमेकांशी काही देणेघेणे नाही.

पहिला तराजू खराखुरा तराजू आहे. भंगारवाला यंत्र वजनावर घेतो. आतल्या मंडलाच्या पाटीवर सोन्याचा पातळ मुलामा किती, तांबे किती, याचा त्याला चांगला अंदाज असतो. या हिशेबात अवजड कार्यालयीन संगणक बरा भाव खातो आणि रबरी कळांचा स्पेक्ट्रम, जो भरतो जेमतेम अर्धा किलो, तो जवळजवळ फुकट जातो. भंगारवाल्याला नावे ठेवण्याची फॅशन संग्राहकांत आहे. आम्हांला ती मान्य नाही. तो जो भाव सांगतो तो त्याच्या मोजमापाप्रमाणे प्रामाणिक असतो, आणि तो सगळ्यांना सारखाच सांगतो. संग्राहकांबद्दल असे म्हणता येईलच असे नाही.

दुसरा तराजू परदेशातला. ऑक्टोबर २०१४मध्ये न्यूयॉर्कला एका लिलावात १९७६चा अ‍ॅपल-१ हा संगणक नऊ लाख पाच हजार डॉलरांना गेला. हेन्री फोर्ड संग्रहालयाने तो घेतला. अशा बातम्या मराठी वर्तमानपत्रांतही येतात, आणि मग १९९०च्या दशकात बाजारात मिळणारी, कळफलकाच्या आकारात बसवलेली निन्टेंडोच्या खेळयंत्राची नक्कलसुद्धा 'अँटिक कॉम्प्युटर' म्हणून पन्नास हजारांना देऊ केली जाते. अ‍ॅपल-१ सुमारे दोनशेच बनले होते. स्पेक्ट्रम पन्नास लाखांच्या घरात विकले गेले. बातमीत हा फरक बहुधा येत नाही. शिवाय मागितलेली किंमत ही किंमत नव्हे, हे लोकांना पटवणे फार अवघड जाते. कोणीही काहीही मागू शकतो. एखादी वस्तू प्रत्यक्षात कितीला गेली, तेवढेच प्रमाण मानावे लागते. त्यातही 'तपासलेले नाही' असे लिहिलेले यंत्र म्हणजे 'तपासले, चालले नाही' असेच समजायचे, हा या छंदातला जुना संकेत आहे.

दुर्मिळता आणि किंमत यांचाही असाच गोंधळ होतो. पुण्याचा डीबी स्पेक्ट्रम मूळ ब्रिटिश स्पेक्ट्रमपेक्षा कितीतरी दुर्मिळ आहे. म्हणून तो तितकाच महाग असावा, असे तर्काला वाटते. पण भाव चढायला ती वस्तू हवी असलेली निदान दोन माणसे लागतात. स्पेक्ट्रमच्या देशोदेशींच्या आवृत्त्या जमवणारे परदेशात थोडके आहेत, आणि आपल्याकडे तर आम्हांला ते एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. एखाद्या तालुक्याच्या गावी निघालेला कवितासंग्रह, ज्याच्या दोनशे प्रती छापल्या आणि दहा उरल्या, तो दुर्मिळ असतोच. त्याला भाव असतो असे नाही.

तिसरा तराजू आठवणीचा. "घेतला तेव्हा दोन महिन्यांचा पगार गेला होता," असे विकणारा सांगतो, आणि ते खरेच असते. पण मूळ किमतीचा आजच्या किमतीशी हिशेबात बसेल असा कोणताही संबंध नाही. हे वाक्य ऐकताना आम्ही काही बोलत नाही. ते किमतीविषयीचे वाक्यच नसते.

या तिन्हींपलीकडे यंत्राची स्वतःची अवस्था असते, आणि तिथे मात्र ज्ञानाला पर्याय नाही. स्पेक्ट्रमच्या खालच्या सोळा किलोबाइट स्मृतीसाठी ४११६ जातीच्या आठ चिप असतात. त्यांना तीन वेगवेगळे विद्युतदाब लागतात. त्यांतला उणे पाच व्होल्टचा गेला की चिप हळूहळू मरतात आणि पडद्यावर रंगीत चौकटींची नक्षी उमटते. स्पेक्ट्रम प्लसच्या कळांखाली प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. त्याची शेपटे इतक्या वर्षांत कडक होतात आणि पेटी उघडताच तुटतात. म्हणजे आत काय आहे ते बघायचे तर वस्तूची किंमत कमी होण्याचा धोका पत्करायचा. बीबीसी मायक्रोच्या वीजपुरवठ्यात एक विशिष्ट कपॅसिटर असतो, ज्याला तडे गेलेले असतात. वीस-पंचवीस वर्षांनी हौसेने कोणी वीज जोडली की तो फुटतो आणि घरभर उग्र धूर होतो. यंत्राला बहुधा काही होत नाही, पण घरातली माणसे ते पुन्हा घरात ठेवू देत नाहीत. आम्हांला एक मायक्रो अशाच धुरामुळे मिळाला.

दुरुस्तीच्या बाबतीत आमचे शहर सुदैवी म्हटले पाहिजे. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा दूरचित्रवाणी संचांचा कारखाना होता. ती कंपनी २०१८मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, पण काचेच्या नळीचे संच ज्यांच्या हाताखालून गेले अशी माणसे शहरात अजून आहेत. आमचे बहुतेक संगणक अशाच एका गृहस्थांनी उभे केले. संगणक त्यांनी आयुष्यात उघडला नव्हता. 'हा टीव्हीचाच भाऊ आहे' म्हणून ते कामाला लागले. मोठा व्हिडिओकॉन संच तर लोक आनंदाने फुकट देतात, वर उचलून न्यायचे आभार मानतात. तो नीट लावून देणाऱ्या या गृहस्थांची मजुरी मात्र आम्ही कधी घासाघीस करून दिली नाही. अनेकदा ती यंत्राच्या किमतीहून अधिक झाली आहे.

शहागंज भागातल्या एका घरात आखाताची वाट दिसली. घरातले थोरले गृहस्थ १९८०च्या दशकात कुवेतला होते. येताना 'सखर' नावाचा संगणक घेऊन आले. कुवेतच्या अल आलमिया कंपनीने जपानी एमएसएक्स यंत्रांना अरबी शिकवून हा संगणक काढला होता. कळांवर अरबी अक्षरे, पडद्यावर उजवीकडून डावीकडे जाणारा मजकूर. वली आणि सिराज यांच्या गावात उर्दू वाचणाऱ्याला हे यंत्र आपले वाटावे, अशी आमची भाबडी समजूत होती. त्यांनी कळफलकावर बोट फिरवले आणि म्हणाले, "हे बघा, यात 'पे' नाही, 'चे' नाही, 'गाफ' नाही. मुलांना म्हटलं, यावर 'चाँद' लिहून दाखवा. कसं लिहिणार?" अरबीत ती अक्षरे नाहीतच, उर्दूला ती फारसीतून मिळाली. यंत्र उत्तम चालू स्थितीत होते. त्यांनी ते विकले नाही, आणि आम्हीही फार आग्रह केला नाही.

'तुम्हीच सांगा' या वाक्याची खरी कसोटी लागली ती २०१९च्या उन्हाळ्यात. सिडकोतल्या एका निवृत्त अभियंत्यांकडे डीबी स्पेक्ट्रम प्लस असल्याचे कळले. घर बदलायचे होते, मुलगा परदेशी स्थायिक, माळा रिकामा करणे चालले होते. यंत्र मूळ खोक्यात होते. वीज दिली तर पडद्यावर ती परिचित रंगीत नक्षी. भंगारवाल्याने खोकी, टेपरेकॉर्डर आणि संगणक मिळून दोनशे रुपये सांगितले होते. त्यांनी आम्हांलाही तेच विचारले.

आम्ही कागद मागितला आणि हिशेब त्यांच्यासमोर मांडला. चालू स्थितीतला साधा स्पेक्ट्रम प्लस त्या महिन्यांत परदेशात प्रत्यक्ष ज्या भावाने गेल्याचे आम्ही पाहिले होते, तो रुपयांत सात-आठ हजार. खोके आहे म्हणून थोडे अधिक. यंत्र बंद आहे म्हणून निम्म्याच्या आसपास वजा. चिप, पापुद्रा आणि मजुरी यांचा खर्च त्यातच. पुण्याचे म्हणून काही वाढवावे की नाही, यावर आम्ही थोडे थांबलो, आणि वाढवले. कारण ती आवृत्ती आम्हांला हवी होती, आणि आपली निकड दडवून भाव पाडणे हे आमच्या मते वाजवीत बसत नाही. आकडा पाच हजार झाला.

परिणाम आम्हांला अपेक्षित होता त्याच्या उलट झाला. दोनशेची वस्तू कोणी पाच हजारांना मागतो म्हणजे ती पन्नास हजारांची असणार, असे शेजारच्या एका गृहस्थांनी ठामपणे सांगितले. अभियंते संकोचले, पण त्यांच्याही चेहऱ्यावर तीच शंका होती. आम्ही त्यांना विकल्या गेलेल्या वस्तूंचे भाव कुठे व कसे बघायचे ते लिहून दिले आणि परतलो. पुष्कळ संग्राहक-मित्र यावर म्हणतात की पाचशे सांगितले असते तर काम तिथेच झाले असते आणि माणूसही सुखी राहिला असता. झाले असते खरे. पण ज्याने स्वतःहून आपल्या ज्ञानावर भार टाकला आहे, त्याच्याशी ते ज्ञान लपवून केलेला सौदा आणि बाजारातली घासाघीस या दोन गोष्टी आम्हांला एक वाटत नाहीत. घासाघिशीत दोन्ही बाजूंना खेळ ठाऊक असतो. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. त्यांनी स्वतः शोध घेतला होता. "तुमचा आकडा बरोबर आहे. या, आणि कॅसेटीही घेऊन जा."

खरी अडचण कॅसेटींत होती. एका कॅसेटवर शाईने 'अभंग' असे लिहिलेले. लावली तर आकाशवाणीवरून उतरवलेले दोन अभंग, आणि तिसऱ्याच्या मध्येच स्पेक्ट्रमच्या आज्ञावलीचा तो कर्कश आवाज. मुलाने अभंगांवरच आपले काम साठवले होते. तो आवाज आम्ही आजच्या संगणकात उतरवला आणि आज्ञावली उलगडून पाहिली. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने स्पेक्ट्रमवर देवनागरी अक्षरे घडवली होती.

स्पेक्ट्रममध्ये वापरणाऱ्याने स्वतः काढायच्या चिन्हांसाठी एकवीस जागा असतात. प्रत्येक चिन्ह आठ ओळी गुणिले आठ ठिपक्यांचे. मुलाने एक जागा 'अ'ला दिली होती, एक नुसत्या कान्याला, आणि उरलेल्या एकोणिसांत व्यंजने बसवली होती: क, ग, घ, च, ज, ट, त, द, न, प, ब, भ, म, य, र, ल, व, स, ह. शिरोरेषेसाठी सर्वांत वरची ओळ पूर्ण भरलेली, म्हणजे शेजारच्या चौकटी आपोआप जुळाव्यात. ही युक्ती त्याला कोणी शिकवली असेल असे वाटत नाही. पण शिरोरेषाच सर्वांत वर गेल्यामुळे वेलांटीला, मात्रेला, अनुस्वाराला जागाच उरली नाही. उकार खाली मावत नव्हते. जोडाक्षरांचा तर प्रश्नच नव्हता. त्याच्या मराठीत 'घर' होते, 'बाजार' होता, 'आज मामा आला' हे वाक्य होते. 'शाळा' नव्हती, कारण श आणि ळ दोन्ही सुटलेले. 'नाही' लिहिता येत नव्हते. (यंत्रातली सबंध अक्षरमाला बदलण्याची एक वाट होती, आणि तिने शंभराच्या आसपास चिन्हे मिळाली असती, ती त्याच्या हाती लागली नसावी.)

"ह्याच्यात बाबा लिहिता यायचं, आई नाही," अभियंत्यांच्या पत्नी हसत म्हणाल्या. "मी विचारलं की म्हणायचा, जागा संपली."

या कॅसेटची किंमत काय? परदेशी बाजारात शून्य. भंगारात शून्य. यंत्र पन्नास लाखांतले एक होते आणि त्याचा भाव आम्ही कागदावर काढू शकलो. ही कॅसेट एकुलती एक होती आणि तिच्यासाठी कागदावर रकानाच नव्हता. आकडा सांगितला असता तर तो मनचा ठरला असता. काहीच न देता नेली असती, आणि घरमालक तर तसेच सुचवत होते, तर ते आम्ही काय म्हटले असते ते इथे लिहीत नाही. १९८६मध्ये बीबीसीने दहा लाखांवर लोकांच्या मदतीने आपल्या देशाचे नवे 'डूम्सडे' दप्तर लेसर तबकड्यांवर साठवले. १०८६चे मूळ हस्तलिखित आजही वाचता येते, पण तबकड्या पंधरा-सोळा वर्षांतच अवाचनीय होण्याच्या बेताला आल्या आणि ते दप्तर परत मिळवण्यासाठी संशोधकांना स्वतंत्र प्रकल्प हाती घ्यावा लागला. सिडकोतल्या माळ्यावरच्या अभंगाच्या कॅसेटसाठी असा प्रकल्प कोण काढणार? आम्ही तिची प्रत केली, एक प्रत मुलाला पाठवली आणि कॅसेट त्यांच्याकडेच ठेवली. पाच हजार फक्त यंत्राचे दिले.

मुलाने ती आज्ञावली परदेशातल्या आपल्या संगणकावर, स्पेक्ट्रमचे सोंग घेणाऱ्या एका विनामूल्य आज्ञावलीत, दहा मिनिटांत चालवून पाहिली. त्यासाठी त्याला आमच्या यंत्राची गरज लागली नाही. ही गोष्ट संग्राहकाला फारशी सुखाची नसते, हे कबूल केले पाहिजे. मग आपण पैसे मोजतो ते कशाचे? कॅसेट वाजताना चालणाऱ्या त्या पाच मिनिटांच्या प्रतीक्षेचे, कळांच्या स्पर्शाचे, पुण्यात छापलेल्या त्या खोक्याचे. आमच्यापुरते उत्तर इतपतच आहे, आणि आमचे वरचे आकडे याच मर्यादेत वाजवी समजावेत. आमचे यंत्र त्याच पावसाळ्यात सुरू झाले. चार चिप बदलाव्या लागल्या, नवा पापुद्रा मागवावा लागला, आणि सगळे मिळून खर्च अंदाजाच्या थोडा पुढे गेला.

आता जालन्याहून एकांचा निरोप आहे. त्यांच्याकडे बीबीसी मायक्रो आहे आणि खाली एका शाळेचा शिक्का आहे. किंमत तुम्हीच सांगा, असे तेही म्हणतात. क्लास प्रकल्पातले यंत्र असेल तर ते शाळेच्या जडवस्तू नोंदवहीत असणार, आणि रीतसर निर्लेखन झाल्यावाचून ते कोणाच्याही घरचे होत नाही. ते झाले आहे का, आणि त्याचा कागद आहे का, एवढेच आम्ही तूर्त विचारले आहे. आणि कागद सापडेपर्यंत कृपा करून त्याला वीज जोडू नका, असेही कळवले आहे.